मुलांचे सांधे, जंतू आणि लस
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात झालेले भाषण)



शिक्षकांपुढे आरोग्यावर बोलावयास उभा राहणारा डॉक्टर बहुधा पिण्याचे पाणी, नखे, दात आणि जंताच्या गोळ्या यांविषयी बोलतो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आपण ते वर्गात इतक्या वेळा सांगितले आहेत की, त्यांवर मी आपणांस नवे काय सांगणार? म्हणून आज मी मुद्दाम एक विरळा विषय घेतला आहे. आपल्या साऱ्या नोकरीत या रोगाचे मूल आपणांस कदाचित एकदाच भेटेल. कित्येकांस एकदाही भेटणार नाही. परंतु ज्यास भेटेल त्याच्या हाती फार तर एक-दोन दिवस असतील, आणि तेवढ्या अवधीत त्या मुलाचा पाय आयुष्यभर धड राहणार की अधू होणार, हे ठरून जाईल. रोग विरळा म्हणून त्याची ओळखही विरळीच राहिली, तर ते मूल नाहक भरडले जाते.

या रोगाला वैद्यकीय भाषेत जंतुजन्य संधिदाह म्हणतात. साध्या भाषेत, सांध्यात पू होणे. गुडघा आणि खुबा हे त्याचे आवडते सांधे. घोटा, कोपर आणि खांदा हे त्या खालोखाल.

सांधा म्हणजे काय, हे आपण विज्ञानाच्या तासाला बिजागरीचे व उखळीचे उदाहरण देऊन शिकविता. त्यात थोडी भर घालतो. दोन हाडांची टोके जेथे एकमेकांस भिडतात तेथे त्यांवर पांढऱ्या, गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. या अस्तरास स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावर त्याचे पोषण होते. तो द्रव पाझरविणारे जे पातळ आवरण सांध्याच्या आतून असते त्यात मात्र रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि रक्त व सांधा यांमध्ये तेथे फारसा आडपडदा नसतो. त्यामुळे रक्तात शिरलेला जंतू येथे सहज उतरतो. जंतूंशी लढावयास पांढऱ्या पेशी धावून येतात, पू साचतो, आणि पेशींनी सोडलेले पाचकरस जंतूंबरोबर कूर्चेलाही खाऊ लागतात. युद्धात शेतातले पीकही तुडविले जावे, तसा हा प्रकार. हाड मोडले तर ते पुन्हा सांधते. परंतु झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी पुन्हा उगवत नाही. या साऱ्या विषयातील घाईचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे.

खुब्याची गोष्ट तर अधिकच नाजूक. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या उखळीत बसलेला असतो, आणि त्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या सांध्याच्या आवरणाच्या आतूनच वर चढतात. आवरणात पू दाटला की त्याच्या दाबाने त्या वाहिन्या मिटतात, आणि माथा मरतो. लगतच हाड वाढविणारा भाग असतो. त्यालाही इजा झाली तर तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पू काढून योग्य औषध सुरू झाले तर बहुतेक मुले पूर्ववत धावू लागतात. चार-पाच दिवस उलटल्यावर आलेल्या मुलाविषयी असे विश्वासाने सांगता येत नाही.

आता आपण विचाराल की, जन्मल्यापासून मुलांना इतक्या लसी टोचल्या जात असता हा रोग उरतोच कसा? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर थोडे तपशिलाने द्यावयास हवे. कारण “पोराला सगळ्या लशी दिल्या आहेत, त्याला काय होणार” या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि ते अर्धे कोणते हे शिक्षकाला ठाऊक असावे.

१८९२ साली रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञास इन्फ्लुएन्झाच्या साथीतील रोग्यांत एक जंतू सापडला, आणि साथीचे कारण हाच, असे त्याने ठरवून टाकले. पुढे ते खोटे ठरले. इन्फ्लुएन्झा हा विषाणूचा आजार निघाला. परंतु नाव एकदा चिकटले ते चिकटलेच, आणि तो जंतू आजही हीमोफिलस इन्फ्लुएन्झा या नावाने ओळखला जातो. १९३१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या मार्गारेट पिटमन या विदुषीने दाखवून दिले की, या जंतूंपैकी काहींभोवती एक कवच असते, त्या कवचाचे निरनिराळे प्रकार आहेत, आणि बालकांना गंभीर आजार करणारा प्रकार प्रामुख्याने एकच, तो म्हणजे ‘बी’. यालाच संक्षेपाने हिब म्हणतात. हा हिब लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाचा दाह करी, श्वासनलिकेच्या तोंडाशी सूज आणून गुदमरवी, आणि सांध्यात उतरून पू करी. लस निघण्यापूर्वी अमेरिकेत दोन वर्षांखालील मुलांच्या सांध्यांतील पुवाचे ते एक प्रमुख कारण होते.

त्याच्या कवचाची लस करावी, ही कल्पना सुचली. पण एक अडचण होती. हे कवच शर्करेचे असते, आणि दीड-दोन वर्षांखालच्या बाळाचे शरीर नुसत्या शर्करेला शत्रू म्हणून ओळखावयास शिकत नाही. धोका सर्वांत मोठा नेमका त्याच वयात! अमेरिकेत १९८५ साली मान्य झालेली पहिली लस म्हणूनच तान्ह्या बाळांच्या उपयोगाची नव्हती. उपाय निघाला तो असा की, ती शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडून द्यावयाची. आपण पहिलीच्या मुलाला नुसते ‘क’ दाखवीत नाही. कमळाचे चित्र दाखवितो आणि त्याच्याशी ‘क’ जोडतो. मूल चित्र ओळखते आणि चित्राच्या आधाराने अक्षर शिकते. बाळाचे शरीर प्रथिन ओळखते आणि त्याच्या आधाराने शर्करा शिकते. शर्करेला प्रथिन जोडण्याचा मूळ प्रयोग एव्हरी व गोबेल यांनी १९२९ सालीच केला होता. त्यावरून हिबची लस तयार करणाऱ्या जॉन रॉबिन्स, रेचेल श्नीअर्सन, डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन या चौघांना १९९६ साली लास्कर पारितोषिक मिळाले. अक्षरओळखीची आपली जुनी युक्ती वापरून एवढा मोठा रोग हटला, याचा शिक्षकांनी थोडा अभिमान बाळगला तरी चालेल.

फिनलंड या लहानशा देशात या जोडलशीचा मोठ्या प्रमाणावरील वापर १९८६ पासून सुरू झाला. तेथील बालरोगतज्ज्ञ हेक्की पेल्टोला व त्यांचे सहकारी सांध्यात पू झालेल्या मुलांची नोंद वर्षानुवर्षे ठेवीत होते. त्यांनी १९९८ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात असे दिसून आले की, लस आल्यानंतर हिबमुळे होणारा संधिदाह त्यांच्या रुग्णालयांतून नाहीसाच झाला, आणि त्यामुळे या रोगाचे एकूण प्रमाणही घटले. एका जंतूचे नाव कारणांच्या यादीतून असे पुसले जाणे, हे वैद्यकात क्वचितच पाहावयास मिळते.

आपल्या देशात हिबची लस सरकारी कार्यक्रमात डिसेंबर २०११ मध्ये प्रथम तामिळनाडू व केरळ येथे आली, आणि पुढील काही वर्षांत सर्व राज्यांत पोहोचली. पेंटाव्हॅलंट म्हणजे पंचगुणी लस, ती हीच. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘बी’ आणि हिब अशा पाचांविरुद्ध ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत दिली जाते. त्यानंतर आली न्यूमोकॉकसची लस. तीही त्याच जोडयुक्तीची. २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश व बिहार, उत्तर प्रदेशाचे काही जिल्हे येथे तिचा आरंभ झाला, आणि २०२१ मध्ये ती देशभर नेण्यात आली. तिच्या मात्रा सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. न्यूमोकॉकस हा मुख्यतः फुप्फुसांचा शत्रू. पण तोही सांध्यात उतरतो. मात्र त्याच्या कवचांचे प्रकार शंभराच्या आसपास आहेत व एका लशीत त्यांतले थोडेच घालता येतात. म्हणून हिबसारखा त्याचा निःपात झालेला नाही. काही देशांत लशीतले प्रकार घटले आणि लशीत नसलेले थोडे वर आले, तेव्हा लशीत आणखी प्रकार घालावे लागले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीत असे दहा प्रकार आहेत.

लशीने एवढे केले. आता राहिले काय, ते पाहू.

१८८० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि त्यात द्राक्षांच्या घोसासारखे लगडलेले गोल जंतू दिसल्यावरून त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. शाळकरी वयातील मुलांच्या सांध्यांत पू करणारा मुख्य जंतू तो हाच. लस निघण्यापूर्वीही तोच होता व आजही तोच आहे. निरोगी माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांशांच्या नाकात तो बिनबोभाट राहतो. खरजेच्या खाजेने कातडी फुटली, गळू झाले, इसब चिघळले, कांजिण्यांचे फोड खरवडले गेले की तेथून तो रक्तात शिरतो. बाभळीचा किंवा शिंदीचा काटा गुडघ्यात खोल गेला तर त्याला, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या जंतूला, रक्ताचीही गरज नाही. सरळ वाट मिळते. आणि याच्याविरुद्ध लस नाही. ती तयार करण्याचे प्रयत्न अनेक झाले, मोठ्या प्रमाणावर चाचण्याही झाल्या, परंतु माणसांत यशस्वी ठरलेली लस अद्याप हाती आलेली नाही.

म्हणजे हिशेब असा की, लशीने तान्ह्या मुलांच्या दारावरचा एक चोर कायमचा घालविला, दुसऱ्याला बराचसा आवरला. परंतु आपल्या वर्गात बसणाऱ्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या दाराशी जो तिसरा उभा असतो, त्याला लशीचा हिशेब ठाऊक नाही. लसीकरणाचे कार्ड पूर्ण भरलेले आहे म्हणून तापलेल्या, लंगडणाऱ्या मुलास घरी थांबवून ठेवणे चुकीचे होय. आणि तरीही त्या मुलाच्या पाळण्यातील भावंडाचे कार्ड अपुरे असेल तर ते पूर्ण करावयास सांगणे तितकेच अगत्याचे.

अंगणवाडीच्या वयाविषयी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण अनेक शाळांत अंगणवाडी एकाच आवारात असते. हिब मागे हटल्यावर आणि तपासणीच्या रीती सुधारल्यावर असे ध्यानात आले की, सहा महिने ते चार वर्षे या वयात किंगेला नावाचा एक जंतू सांध्यांत बऱ्याच वेळा असतो. एलिझाबेथ किंग या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञ विदुषीने १९६० च्या दशकात तो वेगळा ओळखला म्हणून हे नाव. हा जंतू काही नवा नव्हे; तो नेहमीच्या रीतीने प्रयोगशाळेत वाढत नसे म्हणून दिसत नव्हता. १९९२ साली इस्रायलमधील पाब्लो यागुप्स्की व सहकाऱ्यांनी सांध्यातील द्रव रक्ततपासणीच्या बाटलीत घालून वाढविला, तेव्हा तो सापडू लागला. इस्रायल, फ्रान्स व स्वित्झर्लंड येथे या वयोगटात तो आता मुख्य कारणांत गणला जातो. तो मुलांच्या घशात राहतो आणि पाळणाघरांत एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्याचे दुखणे फसवे असते: ताप थोडा किंवा मुळीच नाही, मूल फार आजारी दिसत नाही, फक्त एक पाय टेकीत नाही. तेव्हा लहान मुलाच्या बाबतीत “ताप नाही ना, मग काही नाही” हा न्याय लावू नये.

आता वर्गाकडे येऊ. समजा, तिसरीतील एक मुलगी सोमवारी खो-खो खेळताना पडली. मंगळवारी ती लंगडत आली. बुधवारी तिने प्रार्थनेला उभे राहण्याचे नाकारले आणि अंग तापलेले लागले. आठ दिवसांपूर्वी तिच्या नडगीवर गळू होते, ते आता खपलीवर आले आहे. घरचे म्हणतात, पडली म्हणून दुखते. आपणांसही तेच पटते, कारण पडताना आपण स्वतः पाहिले आहे. मुलाचे पडणे ही रोजचीच गोष्ट असल्यामुळे प्रत्येक दुखण्याला एक पडणे हाताशी सापडते, आणि या रोगात सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो. मुरगळलेला पाय पहिल्या दिवशी अधिक दुखतो व पुढे उतरत जातो. पुवाचा सांधा दिवसागणिक, कधी प्रहरागणिक, वाढत जातो. मुरगळलेले मूल पाय थोडा तरी हलवू देते. पुवाचे मूल बोटभरही हलवू देत नाही, कोणी जवळ आले तरी रडू लागते. आणि मुरगळल्याने ताप येत नाही.

१९९९ साली बॉस्टन येथील डॉक्टर कोकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुबा दुखणाऱ्या मुलांचा अभ्यास करून चार खुणा सांगितल्या. मुलास ताप येऊन गेलेला असणे. पायावर भार न देणे. रक्ताच्या तांबड्या पेशी नळीत तळाशी बसण्याचा वेग तासाला ४० मिलिमीटर किंवा अधिक असणे. आणि रक्तातील पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर असणे. चारांपैकी एकही नसेल तर पुवाची शक्यता नगण्य. दोन असतील तर त्या अभ्यासात शंभरांपैकी सुमारे चाळीस मुलांत पू निघाला. चारही असतील तर जवळजवळ सर्वांत. पुढे इतर रुग्णालयांनी हेच पडताळून पाहिले तेव्हा आकडे काहीसे निराळे आले, पण खुणा त्याच राहिल्या. मला येथे आपले लक्ष वेधावयाचे आहे ते एका गोष्टीकडे. चारांपैकी दोन खुणा पाहण्यास सुई लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. ताप आणि पाय न टेकणे, या दोन्ही गोष्टी वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या शिक्षकास दिसतात, आणि कित्येकदा त्या आईबापांच्या आधी दिसतात. कारण घरी मूल अंथरुणावर असते, शाळेत त्याला चालावे लागते.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवावी. खुब्याचे दुखणे मूल अनेकदा गुडघ्यात सांगते, कारण दोन्हींकडे जाणारी एक मज्जातंतूची शाखा सामाईक आहे. गुडघा पाहावा तर सूज नाही, लाली नाही. म्हणून ‘ढोंग करतो’ असा ग्रह होतो. खुबा मांसात खोल असल्यामुळे त्याची सूज बाहेर दिसत नाही. असे मूल पडून असताना मांडी थोडी वाकवून पाय बाहेरच्या बाजूस वळवून ठेवते. त्या स्थितीत आवरणास अधिक जागा मिळते व दाब कमी होतो. ते ढोंग नव्हे. आणि खरे सांगावयाचे तर, शाळा चुकविण्यासाठी पोट दुखते म्हणणारी मुले पुष्कळ असतील. मधल्या सुटीतही पाय न टेकणारे मूल ढोंगी असणे कठीण.

प्रत्येक लंगडणे पुवाचे नसते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझ्या भाषणानंतर जिल्हा रुग्णालयात रांग लागावयाची. सर्दीपडशानंतर खुब्यात तात्पुरते पाणी भरून तीन ते दहा वर्षांची मुले लंगडतात; ताप बहुधा नसतो व आठवड्या-दोन आठवड्यांत ते आपोआप जाते. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत जाणारे दुखणे आले, तर संधिवाताचा ताप असू शकतो; तो हृदयाच्या झडपांवर जातो, म्हणून तोही दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. क्षयाचा सांधा आठवडे-महिने हळूहळू सुजतो, आणि जन्मतः बीसीजी टोचली असली तरी तो होऊ शकतो. यांतले कोणते आहे हे ठरविणे डॉक्टरांचे काम. शिक्षकाने ठरवावयाचे ते एवढेच की, आज पाठवावे की उद्या; आणि ताप व न टेकणारा पाय एकत्र असतील तर त्याचे उत्तर आज, असे आहे.

विदर्भातील व नंदुरबारकडील शिक्षकांसाठी दोन शब्द अधिक. सिकलसेल असलेल्या मुलांना हाडांच्या वेदनांचे झटके वरचेवर येतात. त्यामुळे घरच्यांना आणि शिक्षकांनाही ते ‘नेहमीचे’ वाटू लागते. परंतु या मुलांत हाडांचा व सांध्यांचा जंतुदाह इतरांहून अधिक होतो, आणि त्यात साल्मोनेला हा आतड्यांतला जंतूही असतो. अशा मुलास वेदनेबरोबर ताप असेल तर त्यास नेहमीचे समजू नये.

पाठवावयाचे म्हटले की अडचणी सुरू होतात. आजी म्हणते, “गुरुजी, पोर पडली हो, तेल लावून चोळलं की उतरंल.” तिला रागावून उपयोग नाही, तिने सात लेकरे चोळूनच मोठी केली आहेत. “आजी, नुसता मुरगळला असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण हिला ताप आहे, आणि पाय टेकत नाही. चोळू नका, शेकू नका. आजच दवाखान्यात नेऊ या, मी येतो बरोबर.” एवढे बहुधा पुरते. हाडवैद्याने ओढून बसविणे हे तर कटाक्षाने टाळावे. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या देऊ नयेत. दोन-चार गोळ्यांनी जंतू मरत नाही, मात्र ताप उतरल्यासारखा होऊन दिवस जातात, आणि नंतर पू तपासला तरी त्यात जंतू वाढून दिसत नाही, म्हणजे कोणते औषध लागू पडेल ते कळत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात खुब्यातील पू काढता येत नाही. त्यास शल्यवैद्य व भूल लागते. म्हणून तेथील डॉक्टरांकडून पुढची चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी उपजिल्हा वा जिल्हा रुग्णालय गाठावे. १०८ ची गाडी याच कामासाठी आहे. २०१३ पासून शाळांत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक पुष्कळ उपयोगी आहे, पण ते वर्षातून एकदा येते. त्याची वाट पाहण्याचे हे दुखणे नव्हे. वाटेत कोणी क्ष-किरण फोटो काढून “फोटो साफ आहे” म्हणाले, तर त्याचा अर्थ हाड मोडलेले नाही एवढाच. पहिल्या काही दिवसांत पू असूनही फोटो साफ येतो. खुब्यातील द्रव सोनोग्राफीत दिसतो आणि सुईने काढून पाहिल्यावर खात्री होते.

मुलाबरोबर आपली एक चिठ्ठी द्यावी. आईबाप घाबरलेले असतात. रुग्णालयात प्रश्नांमागून प्रश्न येतात. चिठ्ठीत असे लिहावे: लंगडणे कोणत्या दिवशी सुरू झाले, ताप केव्हापासून, पाय टेकण्याचे केव्हा थांबविले, अलीकडे गळू, खरूज, कांजिण्या किंवा काट्याची जखम होती काय, कोणते औषध दिले गेले, शेवटचे खाणेपिणे केव्हा झाले. हे शेवटचे अशासाठी की, भूल देण्यापूर्वी ते विचारले जाते. लसीकरणाचे कार्ड घरी असेल तर सोबत द्यावे. अक्षर सुवाच्य हवे, हे शिक्षकांना सांगावयास नको. डॉक्टरांना मात्र सांगावे लागते.

उपचारांविषयी थोडक्यात. सांधा उघडून किंवा नळीने धुऊन काढतात, प्रतिजैविक प्रथम शिरेतून व नंतर तोंडाने देतात. पूर्वी हे आठवड्यांमागून आठवडे चाले. २००९ साली त्याच पेल्टोला यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १३० मुलांपैकी काहींना दहा दिवस व काहींना तीस दिवस औषध दिले, आणि चांगला गुण येणाऱ्या मुलांत परिणाम सारखाच दिसला. तथापि कोणत्या मुलास किती दिवस, हे जंतू व सांधा पाहून डॉक्टर ठरवितात. आपल्याकडे दोन ते चार आठवडे औषध सामान्यतः चालते. मूल शाळेत परत येते तेव्हा गोळ्या बहुधा सुरूच असतात, आणि दिवसातून तीन-चार वेळा द्यावयाच्या गोळ्यांपैकी एक वेळ शाळेच्या तासांत पडते. आई शेतावर गेलेली असते. ती गोळी शालेय पोषण आहाराच्या वेळी आपल्या समोर घेतली जाईल असे पाहिले, तर औषध अर्ध्यावर सुटण्याचे एक मोठे कारण नाहीसे होते.

अशा मुलास काही दिवस मांडी घालून बसविण्याचा आग्रह धरू नये; भिंतीशी पाय लांब करून किंवा बाकावर बसू द्यावे. कवायत डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. पण मैदानाच्या कडेला गुण लिहावयास बसवावे, एकटे वर्गात ठेवू नये. आणि एक काम पुढील अनेक वर्षांचे आहे. खुब्याला पू होऊन गेलेल्या मुलाच्या हाडाची वाढ मंदावली आहे काय, हे लगेच कळत नाही; म्हणून वाढ पुरी होईपर्यंत अधूनमधून रुग्णालयात दाखवावे लागते, आणि घरचे ते एक-दोन वर्षांत विसरतात. वर्षारंभी आपण सर्व मुलांची उंची मोजता, तेव्हा या मुलास सरळ उभे करून कमरेची दोन्ही हाडे समान रेषेत आहेत काय ते पाहावे. चपलेची एक टाच दुसरीपेक्षा लवकर झिजत असेल, किंवा मूल एका चवड्यावर चालू लागले असेल, तर पालकांस रुग्णालयाचे जुने कागद शोधून ठेवावयास सांगून तारीख ठरवून द्यावी.